कारखान्यांच्या जागा कारखान्यांनाच ठेवा

संपादक महोदय,

१९८२च्या संपानंतर गिरणगावात हळूहळू टॉवर उभे राहिले. आता ठाणे-बेलापूर पट्ट्यातही कारखान्यांच्या जागी आयटी पार्क दिसतात. माझा मुलगा १२ वर्षं शॉप फ्लोअरवर घासून प्रॉडक्शन मॅनेजर झाला. रबाळ्यातलं त्याचं युनिट बंद पडलं, तेव्हापासून मुंबईत त्याला बोलावणी येतात ती सेल्सची. उत्पादनातलंच काम हवं तर चाकण, रांजणगाव गाठायचं! दर सोमवारी पहाटे सेफ्टी शूज पिशवीत घालून तो दादरहून पुण्याची बस पकडतो. सून-नात इथेच. अंबरनाथ, तळोज्यात अजून कारखाने चालू आहेत. तिथले औद्योगिक भूखंड तरी सरकारने बिल्डरांच्या घशात घालू नयेत.

— एक वाचक, परळ