केबलवाले आप्पा, तुमचं थँक्यू राहून गेलं होतं

रामराम आप्पा,

तुम्ही व्हॉट्सॲपवर फक्त गुड मॉर्निंग पाठवता, दुसऱ्याचं काही वाचत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितेय, अमळनेरातलं कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

आजच्या पोरांना खरं वाटणार नाही की एक आख्खं चॅनल जिन्याखालच्या खोलीतून चालायचं. गच्चीवर मोठ्या डिश, खाली कंट्रोल रूममध्ये रिसिव्हर नि एकेक चॅनल केबलवर चढवणाऱ्या मॉड्युलेटरांची उतरंड, त्यातल्या एका मॉड्युलेटरला आधी व्हीसीआर आणि नंतर कॉम्प्युटर जोडला की झालं आपलं लोकल सुरू. भिंतीवर केबल कायद्याप्रमाणे हेड पोस्टात केलेल्या रजिस्ट्रेशनचा कागद फ्रेम करून लावलेला, शेजारी आपल्या गावच्या संत सखाराम महाराजांचा फोटो, दोघांनाही रोज उदबत्ती.

आणि ते लोडशेडिंगचे दिवस! सिग्नल वाढवणाऱ्या खांबावरच्या अँप्लिफायरला लाईट शेजारच्या घरातून घ्यायची, बदल्यात त्या घराला केबल फुकट. त्या गल्लीची लाईट गेली की पुढच्या गल्लीत लाईट असूनही टीव्हीवर मुंग्या, आणि फोन कोणाला तर तुम्हाला. तुम्ही प्रत्येकाला "येतोय ना भो, निघालोच" म्हणायचात आणि जागचे हलायचे नाहीत, कारण इलाज तरी काय होता.

पण लोक बघायचे. कपाशीचे भाव, उद्या कोणत्या भागात पाणी येणार नाही, कोणाचा वाढदिवस, कोणाची बकरी हरवली, सगळं खालच्या पट्टीवर. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खान्देशची देवी कानबाई बसली की रात्री बायकांची गाणी, सोमवारी विसर्जन. वैशाख एकादशीचा सखाराम महाराजांच्या यात्रेतला रथ तर गच्चीवरून गच्चीवर वायर टाकून लाइव्ह दाखवायचो, ज्या म्हाताऱ्या माणसांना बोरी नदीपर्यंत जाववत नव्हतं ती घरी बसून टीव्हीला हात जोडायची. कोणत्या मोठ्या चॅनलला आपल्या बोरीचं पडलं होतं हो?

मी तेव्हा प्रताप कॉलेजला एफवायला. तुम्हाला अहिराणीत बातम्या वाचणारी पोरगी पाहिजे होती आणि आमच्या घरी बाबा म्हणे, टीव्हीवर दिसली तर सोयरीक कोण आणेल. तुम्ही घरी आलात, चहा घेतला, बाबांना म्हणालात, "पोरगी आपल्याच गावातल्या टीव्हीवर दिसेल, कुठे मुंबईला चाललीय?" बाबांना हसू आलं नि विषय संपला. पहिल्या दिवशी "राम राम मंडयी, आजना कपाशीना भाव आयका" एवढं म्हणतानाच माझा घसा कोरडा पडला, तर तुम्ही कॅमेऱ्यामागे उभे राहून स्वतः पाण्याचा घोट घेऊन दाखवलात, म्हणजे मीही घ्यावा. आणि पगाराचं पाकीट बाबांच्या हातात कधी दिलं नाहीत, माझ्याच हातात. याचं मोल मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

चॅनल का बंद पडलं यावर गावात अजूनही सगळे म्हणतात की युट्यूब आलं, जिओ आलं, मग कोण बघणार. अर्धंच खरं आहे ते. मोबाईलवर नेट स्वस्त झालं २०१६ च्या शेवटाला, आपल्या गळ्याला दोरी आधीच लागली होती. मुंबईत २०१२ ला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा आपण हसलो की हे काय खान्देशात येतंय, पण आपल्यासारख्या नगरपालिकांच्या गावांना ३१ डिसेंबर २०१५ ची तारीख पडली, मग कोर्टकचेऱ्या, मुदतवाढ, पण शेवटी आलंच. चॅनल आता लॉक होऊन वरच्या कंपनीकडून फायबरवर येणार, बॉक्समध्ये उघडणार, म्हणजे तुमच्या डिश नि मॉड्युलेटर भंगारात, आणि स्वतःच्या गावाला स्वतःचं चॅनल दाखवायचं तर कंपनीकडे जागा मागायची नि तिचे पैसे भरायचे. साडीवाल्याच्या नि क्लासवाल्याच्या जाहिरातीवर ते कसं परवडणार? जास्त करून चॅनल मेलं ते इथे. मग २०१९ ला १३० रुपये अधिक जीएसटी आणि वर आवडीचे चॅनल वेगळे हा नवा हिशोब आला, लोक तुमच्याशी दारात भांडले, जणू तो दर तुम्हीच काढला होता.

एवढ्या ओढाताणीतही तुम्ही आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाहीत. कॅमेरा कॅमेरामनलाच देऊन टाकलात, तो आज त्याच्यावर लग्नांचं शूटिंग करून पुढे गेलाय. मला केबलच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला दिलात, त्यात "वृत्तनिवेदिका" असं टाईप करून घेतलंत, मी म्हटलं आप्पा, एवढा मोठा शब्द नको, तर म्हणे, मोठा शब्द फुकट मिळतो. पुण्यातली पहिली नोकरी त्याच कागदावर लागली. आज ऑडिओबुकला आवाज देते, पोटापाण्याचं चाललंय बरं, त्याबद्दल थँक्यू. बाबांच्या वतीनेही थँक्यू, ते स्वतः कधी म्हणणार नाहीत.

२०२४ ला साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं तेव्हा मी आले होते. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर लाइव्ह चाललेलं, पण गाडी कुठे लावायची नि आपल्या वॉर्डात पाणी कधी येणार हे मात्र कोणाच्याच लाइव्हमध्ये नाही. तुमची ती पट्टी असती तर काम झालं असतं.

आता एक काम. कानबाईच्या गाण्यांच्या कॅसेटी माळ्यावर आहेत म्हणालात, त्यांना बुरशी लागायच्या आत मला द्या, इथे एक जण कॉम्प्युटरवर घेऊन देतो. तुमचा व्हीसीआरपण द्या, हेड साफ करून आणते. श्रावणात येतेय, काकूंना सांगा शेवभाजी नेहमीसारखी तिखटच करा, पुण्यात राहून माझं तोंड काही गोड झालेलं नाही.

तुमची,
सातच्या बातम्यांवाली