महालक्ष्मी सुटायच्या आत कळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या यजमानांना दर 21 दिवसांनी किमोसाठी कोल्हापूरहून परळला न्यावे लागते. सहापैकी चार वेळा जाऊन आलो. पहिल्या खेपेला महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलो. परतताना त्यांनी मिरज येईपर्यंत बर्थवर पाठ टेकली नाही. दर अर्ध्या तासाने उठून डब्याच्या टोकाला जायचे आणि पाण्याची बाटली घेऊन मी मागे. पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर गर्दीत जाऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून पुढच्या वेळी मुलीने विमानाची तिकिटे काढली.

31 वर्षे शाळेत शिकवले, पण विमानात पाय ठेवला तो वयाच्या 62 व्या वर्षी. राजारामपुरीतून उजळाईवाडी रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटांवर. 1939 साली छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात झालेला हा विमानतळ. मार्च 2024 मध्ये नवी इमारतही झाली. विमान छोटे. हातातली बॅग वरच्या कप्प्यात मावत नाही म्हणून शिडीपाशीच काढून घेतात. औषधांची पिशवी आणि फाइल तेवढी मी सोडली नाही. यजमानांना पायऱ्या चढवेनात, तेव्हा दोन कर्मचारी मुलांनी त्यांना खुर्चीसकट वर नेले. ‘आजोबा, घट्ट धरा’ म्हणत होती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. खाली उसाची शिवारे गेली, मग डोंगर, आणि तासाभरात मुंबई. तेवढा वेळ ते माझ्या खांद्यावर शांत झोपले होते. आजारपण सुरू झाल्यापासून मी त्यांना प्रवासात असे झोपलेले पाहिले नव्हते.

म्हणूनच तिसऱ्या खेपेला जे झाले ते फार लागले. निघायच्या आदल्या रात्री 10 वाजून 40 मिनिटांनी मोबाइलवर संदेश आला, ‘कामकाजाच्या कारणास्तव’ उद्याचे विमान रद्द. पैसे परत घ्या किंवा दुसरी तारीख घ्या. किमोची तारीख अशी पुढे-मागे होते का? महालक्ष्मी नऊच्या सुमारास निघून गेलेली. ट्रॅव्हल्सवाल्यांना फोन केले, तर उरलेल्या गाडीत मागची, तीही वरची जागा. शेवटी गल्लीतल्या एका मुलाने रात्री दोनला आपली गाडी काढली. खंबाटकीत दोनदा थांबलो. परळला साडेबाराला पोचलो, तोवर रक्त तपासणीची वेळ टळून गेली होती. किमो दुसऱ्या दिवसावर गेली आणि ती रात्र आम्ही लॉजवर काढली.

कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही. छोट्या मार्गांवर एकच विमान दिवसभर चार-पाच गावे करते, आणि बदली विमान हाताशी नसते. सकाळी एका गावी बिघाड झाला की संध्याकाळच्या गावाला फटका बसतो. पावसाळ्यात ढग खाली आले म्हणून विमान उतरवले नाही, तर माझी तक्रार नाही. वैमानिकाने धोका पत्करू नये. पण विमान दुपारीच दुसरीकडे अडकून पडले असेल, तर उद्या सकाळी ते कोल्हापुरात नसणार, हे कंपनीला संध्याकाळीच दिसत असणार. मग आम्हाला पावणेअकराला का कळते?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम मुलीने वाचून दाखवला. 24 तास आधी कळवले नाही तर भरपाई द्यावी लागते. तासाभराच्या विमानासाठी 5000 रुपये, किंवा मूळ भाडे आणि इंधन आकार, यांतले जे कमी असेल ते. कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल तर काहीच नाही. आम्ही अर्ज केला आहे, अजून उत्तर नाही. छोटी शहरे विमानाने जोडायच्या केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेत तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचे भाडे सुरुवातीला 2500 रुपयांपर्यंत बांधून दिले होते, ते चांगलेच झाले. पण तिकीट जेवढे स्वस्त तेवढी भरपाईही कमी, हे कुणाच्या लक्षात आले होते का? या योजनेत कंपन्यांना तीन वर्षे तूट भरून मिळते आणि त्यातला पाचवा हिस्सा राज्य सरकार देते. तो पैसा आपलाच आहे. तेव्हा अट घालायचा अधिकारही आपला आहे.

माझी मागणी मोठी नाही. ज्या गावाहून दिवसाला एखादेच विमान आहे, तिथले सकाळचे विमान रद्द होण्याची शक्यता दिसताच आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत प्रवाशाला फोन यावा. नक्की नसेल तर ‘नक्की नाही’ असेच सांगा, आमचे आम्ही ठरवू. आमच्यासाठी ती वेळ म्हणजे महालक्ष्मी सुटायच्या आत. जळगाव, नांदेडकरांची त्यांच्या त्यांच्या गाडीची वेळ असेल. आणि तिकिटाबरोबर ‘रुग्ण प्रवासी’ अशी नोंद करायची सोय असावी, म्हणजे निदान अशांना तरी आधी फोन जाईल.

पाचवी किमो पुढच्या आठवड्यात आहे. विमानाची तिकिटे काढली आहेत. आदल्या रात्रीच्या महालक्ष्मीचीही दोन तिकिटे काढून ठेवली आहेत, दोन्ही खालचे बर्थ.

– एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर