नकाशावरचे सात सेंटीमीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर ध्रुवाकडच्या सहलींबद्दल हल्ली बरेच छापून येते. नॉर्वेतील ट्रॉम्सो ते स्वालबार बेटांवरील लाँगइयरब्येन हे विमानाचे अंतर त्यात हवे, पण ते भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून कधीही काढू नये. मर्केटर पद्धतीच्या (सपाट, रेखावृत्ते समांतर काढलेल्या) नकाशात आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापासून उदयपूर दोन सेंटीमीटरवर असेल, तर नॉर्वेतली ही दोन गावे जवळपास सात सेंटीमीटरवर दिसतात. प्रत्यक्षात दोन्ही अंतरे सुमारे ९६० किलोमीटरच आहेत.

कारण साधे आहे. वेंगुर्ल्याच्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे १०७ किमी, ७० अंश उत्तरेला ३८ आणि लाँगइयरब्येनला जेमतेम २३. नकाशा मात्र रेखावृत्ते समांतरच काढतो आणि आकार बिघडू नये म्हणून उभा ताणही तितकाच देतो. हा ताण ट्रॉम्सोजवळ जवळपास तिप्पट, तर लाँगइयरब्येनला पाचपट होतो. म्हणून अंतर मोजायला शाळेतला पृथ्वीगोल बरा. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर दोरा ताणून धरावा. एक सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. मिलिमीटरभर चुकलात तर ४० किमी चुकतात, तेव्हा दोरा बारीक घ्यावा.

आता वेळ. ताशी ८३० किमी धरून भागाकार केला तर १ तास १० मिनिटे येतात, वेळापत्रकात मात्र साधारण १ तास ४० मिनिटे असतात. चढताना-उतरताना वेग कमी असतो, शिवाय धावपट्टीपर्यंतची ये-जा त्यात धरलेली असते. हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ द्रावण फवारून काढावा लागतो, त्याने आणखी उशीर होतो. वरचे वारे बहुतेक पश्चिमेचे आणि मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर, त्यामुळे जाता-येता फारसा फरक पडत नाही. एवढ्याच लांबीच्या पूर्व-पश्चिम मार्गावर ताशी १०० किमीचा वारा सतरा मिनिटांचा फरक पाडेल.

पावसात चिपी दिसेनासे झाले तर गोव्यातला मोपा विमानतळ हवाई अंतराने पन्नास किमीच्या आत आहे. लाँगइयरब्येनला जवळ दुसरा मोठा विमानतळच नाही, म्हणून मुख्य भूमीवर परतण्यापुरते इंधन घेऊनच विमान निघते. धुके असेल तर प्रवासी पुन्हा ट्रॉम्सोत उतरू शकतो. परतीचे पुढचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नये.

आणि हे ठळक छापावे: स्वालबार नॉर्वेचे असले तरी शेंगेन क्षेत्राबाहेर (युरोपातील सामाईक व्हिसाच्या देशांच्या क्षेत्राबाहेर) आहे. जाताना पासपोर्ट तपासणी होते, तिचा वेळ वेगळा धरावा. भारतीयांनी किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा घ्यावा. एकाच प्रवेशाचा असेल तर तो प्रवेश ट्रॉम्सोला जातानाच वापरला जातो आणि परतताना शेंगेनमध्ये प्रवेश मिळत नाही.

– एक वाचक, वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग)