सहावीत येणाऱ्या मुलांना विज्ञानाची उजळणी हवी : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात असाल. एखाद्या दिवशी दुपारी बारा-सव्वाबाराला विधानभवनाच्या आवारात दोन मिनिटं मोकळ्या उन्हात उभे राहा आणि आपली सावली पाहा. ती जवळजवळ आपल्या उंचीएवढी भरेल. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र अशी एक दुपार येते, की त्याच जागी उभ्या माणसाची सावली पायाखालीच गडप होते. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या जरासं वर आहे आणि सूर्य त्या दिवशी बरोबर डोक्यावर येतो.

हे लक्षात ठेवून सातवी-आठवीच्या एखाद्या वर्गात विचारा, हिवाळ्यात थंडी का पडते? निम्मा वर्ग तरी एका सुरात सांगेल, ‘सूर्य लांब जातो म्हणून.’ प्रत्यक्षात जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैत हेच अंतर १५.२ कोटी होतं. ‘पृथ्वीचा आस कललेला आहे’ हे वाक्य याच मुलांना तोंडपाठ असतं आणि त्याचे मार्कही त्यांना मिळालेले असतात. आस कललेला म्हणून हिवाळ्यात सूर्य खाली राहतो, सावली लांब पडते आणि ऊन तिरपं येऊन कमी तापवतं. ते वाक्य आणि अंगणातली सावली यांची अशी गाठ कुणी घालून दिलेली नसते, एवढंच.

उच्च प्राथमिक वर्गांना विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले. आता मोहल्ल्यातली मुलं अभ्यास घेऊन येतात. आपल्याकडे मागणं एकच आहे. पाचवी संपवून सहावीत आलेल्या मुलांसाठी विज्ञानाचे पहिले तीन आठवडे नव्या धड्यांपासून मोकळे ठेवा आणि तिसरी ते पाचवीत जे भौतिक, भूविज्ञान आणि जीवसृष्टीचं होऊन गेलं, त्याची हाताने करून उजळणी घ्यायला शिक्षकांना सांगा. सांगा म्हणजे वेळापत्रकात लिहून द्या. तोंडी सांगितलेलं आमच्याकडे जुलैपर्यंत टिकत नाही.

वाचन आणि गणिताकडे शासनाचं लक्ष आहे, हे मान्य. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत सुरू झालं, त्याचा भर वाचता येणं आणि हिशेब करता येणं यावर आहे, आणि तो योग्यच आहे. शिष्यवृत्तीच्या पेपरांत प्रथम भाषा, गणित, तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. तिसरी ते पाचवीचं विज्ञान ज्यात येतं, तो ‘परिसर अभ्यास’ या सगळ्यात कुठे बसतो? पालक विचारत नाहीत, परीक्षा विचारत नाही, मग तो विषय जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या तासिकेला जातो. सहावीत ‘सामान्य विज्ञान’ हे वेगळं पुस्तक हातात येतं, तेव्हा धरून चाललेलं असतं की खालचं सगळं पक्कं आहे.

मूळ कच्चं आहे म्हणजे नेमकं काय, ते कूलरवरून सांगते, कारण नागपूरच्या मुलाला कूलर शिकवावा लागत नाही. मार्च संपत आला की माळ्यावरचा कूलर खाली येतो, वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात, टाकीत बादल्या ओतायचं काम घरातल्या लहानाकडे येतं. कूलर लावला की एक खिडकी उघडी ठेवायची, हेही त्याला माहीत असतं. पण पाणी तर नळाचं, उन्हाने तापलेलं, मग हवा गार कशी? यावर ‘पंखा पाण्याची हवा फेकतो’ इथेच गाडी थांबते. जुलैत तोच कूलर नुसती चिकचिक का करतो, याचं उत्तर तर मोठ्यांनाही पटकन देता येत नाही. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. हवा कोरडी असेल तर वाफ भराभर होते, हवेत आधीच ओल भरलेली असेल तर होत नाही. खिडकी उघडी ठेवायची ती याचसाठी, खोलीत ओल कोंडली की कूलरचं काम संपलं. दहावीत हीच मुलं ‘बाष्पनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा’ अशी व्याख्या घोकतात, आणि त्यांच्या डोक्यात तिचा कूलरशी काडीचा संबंध नसतो.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन साधे तापमापी पुरतात. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळायची, दुसरा कोरडा ठेवायचा, दोन्ही व्हरांड्यात टांगायचे आणि चिंधी सुकू द्यायची नाही. मेच्या कडक दुपारी दोघांत १५ अंशांहूनही जास्त फरक पडतो. झडीच्या दिवशी तो दोन-तीन अंशांवर येतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे पावसाच्या तोंडावरच. उघडीप पडली तर फरक वाढलेला, पाऊस लागला तर घटलेला. तीन आठवडे मुलांनी रोज फक्त दोन आकडे फळ्यावर लिहिले, तर बाष्पीभवन आणि आर्द्रता हे दोन्ही धडे मुलं स्वतःच सांगतील. पुण्या-मुंबईत बसून काढलेल्या कृतिपुस्तिकेत हा प्रयोग असला, तरी नागपूरच्या हवेत तो जसा खुलतो तसा तिकडे खुलणार नाही. म्हणून उजळणीचं साहित्य जिल्ह्यात तयार होऊ द्या.

दगडांचंही तसंच. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित ही त्रयी मुलं न अडखळता म्हणून दाखवतात. या तिन्ही जातींचे दगड एकाच जिल्ह्यात मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. नागपुरातल्या सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी लाव्हारसाच्या काळ्या बेसॉल्टची आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. कामठीचा वालुकाश्म गाळाचा. मनसरकडे मँगनीज सापडतं ते रूपांतरित खडकांत. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्ट आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुने स्फटिकी खडक, अशी सीमारेषा आपल्या पायाखालून जाते. नागपूरच्याच टाकळी परिसरात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी त्यावर १८५५ मध्ये लेख छापला. हिस्लॉप कॉलेजसमोरून रोज जाणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसतं. एक लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळं साचलं, त्यात गोगलगायी राहिल्या, मग दुसरा लाव्हा आला. एवढी गोष्ट ऐकलेलं पोर ‘थर’ हा शब्द जन्मात विसरणार नाही. (खडक आपल्याकडे भूगोलाच्या पुस्तकात आणि माती विज्ञानाच्या, त्यामुळे काळी माती याच बेसॉल्टची झाली हे सांगायचं कुणी, यावर दोन शिक्षक एकमेकांकडे बघतात. हे भांडण वरूनच मिटवा.)

जीवसृष्टीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे गोंधळ एकच आणि मोठा आहे. काटोल-नरखेडकडची मुलं संत्र्याच्या बागेत वाढतात. आंब्या बहार, मृग बहार, पाणी तोडून झाडाला ताण देणं, सगळं त्यांना घरात कळतं. तरी ‘झाड जेवतं कुठून’ म्हटलं की ‘मातीतून, खतातून’. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाने कुंडीत विलोचं झाड पाच वर्षं वाढवलं. झाड दीडशेहून अधिक पौंडांनी वाढलं, माती घटली अवघी दोन औंस. त्यानेही सगळं श्रेय पाण्याला दिलं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा पुढे कळला. हा किस्सा वर्गात सांगून ‘मग वजन आलं कुठून?’ एवढंच विचारावं आणि पोरांना भांडू द्यावं.

उजळणी कशी नसावी, हेही लिहायला हवं. २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास झाला. तेव्हा शाळा बंद होत्या, तो मोबाइलवर आणि कागदावर झाला, त्याला इलाज नव्हता. पण तेव्हापासून उजळणी म्हटलं की कृतिपत्रिका भरा, पूर्वचाचणी-उत्तरचाचणी घ्या आणि गुण पोर्टलवर चढवा, अशीच अनेकांची समजूत झाली आहे. या तीन आठवड्यांना एकही ऑनलाइन तक्ता जोडू नका, ही हात जोडून विनंती. तक्ता आला की शिक्षक तक्ता भरतो, तापमापी कपाटातच राहतो.

शिकवणारं माणूसही लागेल. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीला विज्ञान-गणितासाठी किमान एक शिक्षक असायला हवा. लहान शाळांत ही जागा रिकामी असेल, तर निदान या तीन आठवड्यांत केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, विज्ञान शिक्षकाला आळीपाळीने तिकडे पाठवता येईल. त्या काळात त्याला मतदारयाद्या आणि सर्वेक्षणांतून सोडा. रमण विज्ञान केंद्र शहराच्या मध्यात आहे, पण भिवापूर-कुहीच्या मुलांसाठी अडचण प्रवेशाच्या तिकिटाची नसते, बसच्या भाड्याची असते. वर्षातून एक बस द्या.

खर्च म्हणाल तर शाळेमागे चार तापमापी, दोन भिंगं, एक चुंबक, थोडी मोड आलेली मटकी आणि गावातलेच दगड. आदेश एप्रिलच्या आत निघाला, तर शिक्षकांना सुट्टीआधी तो वाचता येईल आणि मुलांना सुट्टीचा अभ्यास म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात अंगणात काठी रोवून रोज दुपारी सव्वाबाराच्या आत-बाहेर सावली मोजायला सांगता येईल. जुलैच्या मध्यावर सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा नागपुरात ढग असतात. म्हणून जूनमध्ये निघालेला आदेश या कामासाठी उशिराचाच ठरेल.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, नागपूर