‘लग्न झालं की होईल सगळं नीट’

मा. संपादक,

पुरवणीतला पीसीओडीच्या, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते त्या आजाराच्या, आहाराचा लेख वाचला. चांगला होता, पण एक गोष्ट त्यात नव्हती म्हणून लिहितेय.

मला पीसीओडी आहे हे १७व्या वर्षी कळलं. तीन-तीन महिने पाळी नाही, हनुवटीवर केस. डॉक्टरांनी पाळी यायच्या गोळ्या दिल्या आणि आईला म्हणाले, लग्न झालं की होईल सगळं नीट. आईचा जीव भांड्यात पडला. शुगर बघा असं कुणीच बोललं नाही. आता मी ३१ची, बाळासाठी प्रयत्न करून दोन वर्षं झाली आणि शुगर बॉर्डरवर आहे हे मागच्या वर्षी कळलं.

फॉलिक्युलर स्टडी म्हणजे बीज किती वाढलं ते बघायला पाळीच्या नवव्या, अकराव्या, तेराव्या दिवशी सोनोग्राफी, त्यासाठी सकाळी सातची एसटी पकडून सांगलीला जायचं आणि दुपारी परत ड्युटीवर. बाहेर पोटुशा बायका लघवी भरायला बाटलीने पाणी पीत बसलेल्या असतात आणि मला सिस्टर सांगते, तुम्ही लघवी करून या. आत मॅडम आकडे सांगतात, राइट ११, लेफ्ट ९. दोन दिवसांनी परत गेलं तर परत राइट ११. बीज १८-२० मिलिमीटर झालं की फुटतं, माझं तिथंच थांबायचं.

सासूबाईंना वाटायचं ओव्हरीत गाठी आहेत, ऑपरेशन करून काढून टाका. त्या गाठी नसतात हो, न पिकलेली बीजं असतात. बीज फुटायची वेळ लघवीवरून सांगणाऱ्या ओव्हुलेशन किटवर मी सहा महिने पैसे घातले, पण किट ज्यावर चालतं ते एलएच हार्मोन पीसीओडीत आधीच वाढलेलं असू शकतं त्यामुळे रेघ उगाच गडद दिसते हे नंतर समजलं. बीज वाढायची गोळी, लेट्रोझोल, सुरू केली तर जाऊबाई म्हणाल्या, ते बंदीचं औषध आहे. बंदी होती, २०११ला आली आणि २०१७ला उठली पण. ७४ किलोवरून ६८वर आले तेव्हा पाळी चाळीस दिवसांवर आली आणि गेल्या महिन्यात पहिल्यांदा बीज १९ झालं, फुटलंही. राहिलं नाही, पण त्या दिवशी मी एसटीत रडले ते आनंदाने.

आणि नवऱ्याची तपासणी पहिल्याच महिन्यात करून घ्या. आमच्याकडे दीड वर्षाने झाली, कारण दोष माझाच असं घरात आधीच ठरलेलं होतं.

तुम्ही मुलींच्या आयांसाठी छापा. गोळीने पाळी येते, पीसीओडी जात नाही. वजन, शुगर, बीपी तेव्हापासूनच बघायला लागतं. आणि पीसीओडी म्हणजे मूल होणारच नाही असंही नाही, औषधाने बऱ्याच जणींना होतं.

माझ्या नणंदेची मुलगी १६ची आहे, चार महिने पाळी नाही. मागच्या आठवड्यात तिलाही कुणीतरी हेच वाक्य ऐकवलं. शनिवारी तिला घेऊन मी स्वतः शुगर तपासायला जाणार आहे.

एक वाचक, मिरज तालुका
(कृपया नाव छापू नये)