फणस वाजवून घेतो, मग गाडी?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला चाकांवरच्या घराचा लेख वाचला. सुरूच्या बनाजवळ उभी गाडी, दारात चहाचा कप, समोर समुद्र. छायाचित्र सुरेख आहे, नोव्हेंबरातलं असावं. लेखाच्या शेवटी, जुनी कॅम्पर व्हॅन घेतली तर हेच सुख निम्म्या खर्चात मिळतं, असं म्हटलंय. तेवढ्या वाक्यापुरतं लिहिते, कारण निम्म्या खर्चातलं सुख आमच्या दारात उभं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. यजमान एसटीत चालक होते. मूळ घर सामायिक, आणि भाऊबंदकीत म्हातारपण काढायचं नाही हे दोघांचंही पक्कं होतं, म्हणून बारा महिने राहायलाच गाडी घेतली. पुण्याकडची, ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली. तीन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये. मी पडदे बघितले, ह्यांनी इंजिन ऐकलं. इंजिनाबद्दल आजही तक्रार नाही, सुटे भाग चिपळूणला सहज मिळतात. पण एकोणतीस वर्षं एसटी चालवली तरी गाडीखाली डेपोतले मेकॅनिक शिरायचे, हे नव्हेत. चासीला ताजा काळा रंग मारलेला होता. आम्हाला वाटलं, मालकाने निगा राखलीय. पुढे मेकॅनिकने तो रंग पान्याने खरवडला तेव्हा खालून गंजाचे पापुद्रे निघाले. खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहिलेल्या गाडीला इतका नवा रंग दिसला की आधी संशयच घ्यावा.

मृग लागला तेव्हा आम्ही तवसाळला होतो. तिसऱ्या रात्री माझी उशी ओली. वर बघते तर छत कोरडं. छतातला पंखा पायांच्या बाजूला आणि गळतंय डोक्याशी! सकाळी ह्यांनी भिंतीची फळी उतरवली. पंखा बसवायला पत्रा कापला होता, त्याच्या कडेचं सीलंट वाळून तडकलं होतं, आणि पाणी पत्रा नि अस्तर यांच्या मधून पन्हळीतून यावं तसं वाहत दुसऱ्या टोकाला उतरत होतं. मी विणायची सुई प्लायला लावली. शिजलेल्या सुरणात जावी तशी ती आत गेली आणि पत्र्याला टेकली. प्लाय काही तीन रात्रींत कुजत नाही. कुजलेल्यावर नवा सनमायका डकवून गाडी आमच्या गळ्यात मारली होती.

आमच्याकडे बाजारात फणस घेतानासुद्धा माणूस तो तीनदा वाजवून बघतो. आम्ही साडेनऊ लाखांची गाडी न वाजवता आणली.

वाजवायची कशी, तर बोटाच्या पेराने. पंख्याभोवती, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, मागच्या दारावर. टणक आवाज जिथे भदभद होईल तिथे थांबायचं. कपाटात डोकं घालून वास घ्यायचा, आणि आत अत्तराची कुपी टांगलेली असेल तर दोनदा घ्यायचा. शक्यतो गाडी जुलैतच बघावी, आदल्या रात्री पाऊस पडून गेल्यावर. विकणारा कुरकुर करेल, करू दे.

त्याआधी मे महिन्यात धोपाव्याहून दाभोळला जायला फेरीबोट धरली होती. ओहोटी होती, त्यामुळे उतार चांगलाच तीव्र. पुढची चाकं बोटीवर चढली आणि मागे खर्रकन आवाज. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग लोंबता, त्याच्याखाली सांडपाण्याची टाकी. तिचा नळ उपटून रॅम्पवर पडला आणि आमच्या भांड्यांचं पाणी सगळ्या बोटीसमोर वाहिलं. एका मोटारसायकलवाल्याने पाय वर घेतले, तो क्षण मी विसरणार नाही. कोकणात राहायचं तर फेरीबोट चुकत नाही, दाभोळ, जयगड, बागमांडला, कुठेही जा. तेव्हा मागच्या चाकापासून बंपरपर्यंत किती गाडी लोंबतेय आणि तिच्याखाली काय टांगलंय, हे वाकून बघावं.

वजनाचंही तसंच. पाण्याच्या दीडशे लिटरच्या टाकीचं पाणीच १५० किलो. पलंग, बॅटऱ्या, टाकी असं सगळं मागे ढकललेलं असलं की पुढचा भाग हलका होतो आणि घाटात स्टिअरिंग धरत नाही. ह्यांना ते पहिल्या वळणालाच कळलं. टाक्या भरून, संसार चढवून गाडी वजनकाट्यावर न्यावी. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. टायरची नक्षी बघून भुलू नये, बाजूला चार आकडे असतात ते वाचावेत. आमच्यावर १९१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा १९ वा आठवडा. नक्षी नव्यासारखी, कडा भेगाळलेल्या.

सगळ्यात महाग पडली ती कागदपत्रं. आरसी बुकात गाडी अजून सतरा आसनांची प्रवासी वाहनच होती. ‘असंच चालतं हो सगळीकडे,’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असे बदल मनाला येईल तसे करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं आहे. राहण्याच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. विम्याच्या माणसाने पहिलाच प्रश्न टाकला, ‘गाडीत गॅस आहे, पॉलिसीत कुठे आहे?’ गाडी नियमात बसवून घ्यायला पाच महिने गेले. तेवढा काळ ती बहिणीच्या अंगणात झापांखाली उभी आणि आम्ही बहिणीच्या माजघरात. रेशनकार्डावरचा पत्ताही तिचाच. चाकांवरच्या घराला दारावरचा नंबर नसतो, हेही आधी सुचलं नव्हतं.

गॅसवरून आठवलं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवतात. आमचं भोक सुंदर फुलाफुलांच्या लिनोलियमखाली झाकलेलं निघालं.

एसीची गोष्ट थोडक्यात. आमची बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची, म्हणजे १.८ युनिट. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून त्यातलं निम्मंच वापरावं. एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण एक युनिट खातो. हिशेब मुलांना घालायच्या उदाहरणासारखा सोपा आहे. आम्ही पंख्यावर झोपतो.

आता संडासाचं, कारण पुरवणीत त्याचा उल्लेखही नव्हता. कॅसेटची, म्हणजे संडासाखालची ओढून काढायची टाकी दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरते, मग ती रिकामी कुठे करायची? आम्ही बहिणीकडे करतो. बाकीचे कुठे करतात ते सकाळी खाडीच्या काठाने चालणाऱ्यांना विचारा. राज्याने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चांगलं केलं. आमच्या किनाऱ्याच्या ग्रामपंचायतींनी टाकी रिकामी करायची एक पक्की जागा बांधून शंभर रुपये घेतले तरी मी आनंदाने पावती फाडीन.

गाडीत तीन पावसाळे काढले. प्लाय, टायर, टाकी, सगळं नवं केलंय. आता ह्यांच्या गुडघ्यांना पायरी झेपत नाही, म्हणून विकायला काढलीय. पुण्याच्या एका मुलाचा फोन येतो. मी त्याला म्हटलं, आषाढात ये, विणायची सुई मी देते. तो म्हणाला, ‘काकू, पावसात कशाला? दिवाळीनंतर येतो ना, फोटोपण छान येतील.’

आपली,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये, ही विनंती.)