कार्डावरची तारीख उलटली तरी वास्तव्य कायदेशीर असू शकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. तेव्हापासून परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांसाठी इकडे येऊ पाहणाऱ्या तरुणांच्या जर्मन भाषेच्या तयारीबद्दल बरेच लिहिले-बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र वास्तव्याच्या परवान्याची, म्हणजे हातातील कार्डाची, मुदत संपत आली असून मुदतवाढीचा निर्णय अजून झालेला नाही, अशी वेळ येथे राहणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी येतेच. त्या वेळी काय करायचे, हे निघण्यापूर्वी सांगितले गेले आहे असा तरुण मला येथे क्वचितच भेटतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

जर्मनीच्या वास्तव्यविषयक कायद्यातील कलम ८१ चे चौथे पोटकलम याबाबत स्पष्ट आहे. हातातील परवान्याची मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढीचा किंवा दुसऱ्या प्रकारच्या परवान्याचा अर्ज दाखल केला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत जुना परवाना त्याच्या सर्व अटी आणि हक्कांसह चालू असल्याचे मानले जाते. दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसावर आलेल्यांनाही हे संरक्षण मिळते. अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसाला ते लागू नाही. नोकरीची परवानगी होती तर ती कायम राहते. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाची मर्यादा असेल, तर तीही कायम राहते. निर्णयाला विलंब झाला, याचा भुर्दंड अर्जदाराने सोसावा असे कायदा म्हणत नाही, आणि मला ही तरतूद अत्यंत न्याय्य वाटते.

अडचण उभी राहते ती पुराव्याची. माझ्या परिचयातील एका मराठी परिचारिकेने मुदतीच्या कितीतरी आधी अर्ज केला होता. तरीही कार्डावरची तारीख उलटताच तिच्या रुग्णालयाच्या कार्मिक विभागाने पुढच्या महिन्याच्या पाळ्यांतून तिचे नाव काढले. परवाना तपासून त्याची प्रत जपून ठेवण्याची जबाबदारी मालकावर असल्यामुळे त्या विभागाची धास्ती मी समजू शकतो. परंतु हक्क शाबूत असताना त्या मुलीचा पगार अडकला आणि गावी आईवडिलांच्या जिवाला घोर लागला, हेही तितकेच खरे आहे. अशा वेळी परदेशी नागरिक कार्यालयाकडून ‘फिक्शन्सबेशायनिगुंग’ नावाचा, अर्ज प्रलंबित असतानाच्या वास्तव्याचा दाखला मागून घ्यावा लागतो. तो घडीचा कागद हातात पडताच आतल्या चौकटी नीट पाहाव्यात. चौथ्या पोटकलमापुढे, म्हणजे तिसऱ्या चौकटीत, फुली असेल तर जुने कार्ड, पासपोर्ट आणि हा दाखला घेऊन भारतात जाऊन परत येता येते. फुली तिसऱ्या पोटकलमापुढे असेल, तर त्या कागदावर जर्मनीत परत प्रवेश मिळत नाही. गणपतीला घरी जाण्याचे तिकीट काढण्यापूर्वी एवढे तपासलेच पाहिजे.

प्रत्येक देशाचा नियम वेगळा असल्याने मित्राच्या अनुभवावर विसंबणे धोक्याचे आहे. ब्रिटनमध्ये १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातील ३सी कलमान्वये असेच संरक्षण मिळते, पण अर्ज प्रलंबित असताना देश सोडला की ते संपते. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या धारकाच्या त्याच मालकाने मुदतीत अर्ज केला असेल, तर जुनी मुदत संपल्यापासून २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते. जर्मनीत अशी दिवसांची मर्यादा नाही, मात्र अर्ज नामंजूर झाला की हे संरक्षण तेथेच संपते.

या सगळ्याचा पाया एकच आहे, तो म्हणजे मुदतीच्या आत केलेला अर्ज. अनेक जण कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळण्याची वाट पाहत बसतात आणि तारीख हातची जाते. अपॉइंटमेंट मिळो न मिळो, अर्ज लेखी किंवा ऑनलाइन दाखल करून त्याची पोच जपून ठेवावी. उशीर झालाच, तर कमालीची गैरसोय टाळण्यासाठी जुना परवाना चालू मानण्याचा अधिकार कार्यालयाला आहे, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग झाला.

माझी राज्य शासनाला आणि भाषावर्ग चालवणाऱ्या संस्थांना कळकळीची विनंती आहे की, प्रशिक्षणातील एक दिवस या विषयासाठी राखून ठेवावा. मुदतवाढीचा अर्ज कसा भरायचा, दाखला कसा मागायचा आणि मालकाला कलम ८१ चा हवाला देणारे पत्र जर्मनमध्ये कसे लिहायचे, याचे नमुने मुलांकडून त्या दिवशी प्रत्यक्ष लिहून घ्यावेत. सोबत एक मराठी माहितीपत्रक त्यांच्या पालकांनाही द्यावे, कारण कार्डाची तारीख उलटल्याचे कळताच ‘मुलगा आता बेकायदा ठरला का?’ असा फोन सर्वांत आधी घरूनच येतो.

आपला,
एक मराठी वाचक, श्टुटगार्ट